नेमाची माया



या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून अर्थकारणापर्यंत थोर थोर विषय येऊन गेले. त्यांच्या पंक्तीत आज ‘तरुण कुत्र्याचा मधुमेह’ हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल, तर त्यात आपला दोष नाही. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्हीच प्रथम संकोचलो होतो. आम्ही पशुवैद्य नव्हे. चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले, एवढीच आमची विद्या. परंतु सव्वाचार वर्षे एका आजारी जनावराची शुश्रूषा आमच्या हातून घडली, आणि त्या काळात जे शिकलो ते पुस्तकात सापडले नव्हते. तेवढेच आज आपल्यापुढे ठेवायचे आहे. आणखी एक. ‘आम्ही’ हा शब्द आज निव्वळ वक्त्याच्या रिवाजाने आलेला नाही. आमची आई, आमची पत्नी आणि प्रस्तुत वक्ता अशा तिघांनी मिळून हे काम केले. एकट्याने ते झाले नसते.

जिची ही हकिकत, तिचे नाव ठमी. जात विचाराल तर सांगलीच्या रस्त्यावरची. २०१७ च्या जुलैत, भर पावसात, आमच्या जिन्याखाली कुडकुडत बसलेले दीड-दोन महिन्यांचे पिल्लू आईने पदराखाली घेतले. ‘दोन दिवस राहू दे, मग बघू,’ असे ठरले. असे ठरवून घरात आलेले जनावर पुढे काय करते, हे कुत्री पाळणाऱ्यांना सांगायला नको. वर्षभरात ठमी चौदा किलोंची झाली आणि घराची मालकीण झाली.

२०१८ च्या दिवाळीनंतर तिचे पाणी वाढले. पातेले भरून ठेवावे, तासाभरात रिकामे. रात्री दोनदा-तीनदा दार उघडावे लागे. खाणे पूर्वीपेक्षा अधिक, तरी बरगड्या मोजता येऊ लागल्या. एका दवाखान्यात जंताचे औषध मिळाले, ते आम्ही आठ दिवस दिले. खरा निदानकर्ता निघाली आमची आई. तिला स्वतःला वीस वर्षांचा मधुमेह. सकाळी अंगणात उभी राहून ती म्हणाली, “अरे, इकडे ये. ही रात्री जिथं बसली होती तिथं बघ.” पाहतो तो फरशीवर मुंग्यांची रांग लागलेली. आई म्हणाली, “हिला माझंच दुखणं झालंय.”

श्रोते हो, मुंग्यांची ही परीक्षा आईने शोधलेली नव्हे. चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वलक्षणे सांगताना रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, अशी नोंद आहे. आपल्या पूर्वजांनी या रोगाला मधुमेह हे नाव दिले ते उगीच नाही. आम्ही त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. रक्तातील साखर निघाली ४६०. निरोगी कुत्र्याची साधारण ८० ते १२० असते. वय अवघे दीड वर्ष.

हा रोग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातील काही पेशी इन्सुलिन तयार करतात. अन्नातून रक्तात आलेली साखर शरीराच्या कामी लागायची तर हे इन्सुलिन हवे. ते नसेल तर रक्तात साखरेचा पूर लोटतो आणि पेशी मात्र उपाशी राहतात. जादा साखर लघवीवाटे जाते, ती आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, म्हणून तहान लागते. खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणून भूक वाढते. अखेर शरीर स्वतःची चरबी जाळू लागते, आणि त्या जळण्यातून जे आम्ल साचते ते प्राणघातक होते.

माणसांत, विशेषतः उतारवयात, या रोगाचा जो प्रकार दिसतो त्यात पथ्य आणि गोळ्या यांवर पुष्कळ निभावते. कुत्र्यांत इन्सुलिन करणाऱ्या पेशीच बहुधा नष्ट झालेल्या असतात, म्हणून गोळ्यांचा उपयोग सहसा होत नाही. इंजेक्शनच द्यावे लागते, दर बारा तासांनी, जन्मभर. कुत्र्यांत हा रोग बहुधा मध्यमवयात येतो, आणि माद्यांत अधिक. तरुणपणी तो विरळा, पण येत नाही असे नाही. मादी माजावर येऊन गेल्यावर पुढचे सुमारे दोन महिने तिच्या शरीरात जो अंतःस्राव वाढलेला असतो, तो इन्सुलिनचा जोर कमी करतो. ठमीचे दुखणे उघडकीस आले ते नेमके याच दिवसांत. म्हणून डॉक्टरांनी तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया आधी उरकली. ती व्हायची तर लौकर झालेली बरी. काही माद्यांचा रोग एवढ्यानेच मागे हटतो. ठमीच्या नशिबी ते नव्हते.

डॉक्टरांनी आम्हांला समोर बसवून दोन वाटा स्पष्ट सांगितल्या. “मास्तर, ही बरी होणार नाही. सांभाळली जाईल. सकाळ-संध्याकाळ सुई, ठरलेले खाणे, ठरलेली वेळ. यात खंड चालणार नाही. नाही जमणार असे वाटत असेल तर आत्ताच सांगा. हिला वेदना न होता झोपवता येईल, आणि तसे केलेत तरी मी तुम्हांला वाईट म्हणणार नाही.” आम्ही एक रात्र मागून घेतली. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. सकाळी आईने एवढेच म्हटले, “मला टोचता ना रोज? मग तिला टोचायला काय होतंय?” निर्णय तेथेच झाला.

येथे थोडे विषयांतर करतो. खरे म्हणजे ते विषयांतर नाही.

१८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोन वैद्यकशास्त्रज्ञांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. त्यांचा हेतू पचनक्रिया अभ्यासण्याचा होता. पण शस्त्रक्रियेनंतर तो कुत्रा वारंवार लघवी करू लागला, आणि तपासणीत त्या लघवीत साखर आढळली. मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात आहे, हे जगाला अशा रीतीने कळले. पुढे १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यचिकित्सक आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी यांनी कामाला हात घातला. तेही कुत्र्यांवरच. स्वादुपिंड काढलेली कुत्री त्यांनी दुसऱ्या स्वादुपिंडांच्या अर्कावर जगवून पाहिली. मार्जोरी नावाची त्यांची एक कुत्री त्या अर्कावर जवळजवळ सत्तर दिवस जगली. जेम्स कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध करण्याची रीत काढली. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. २३ तारखेस शुद्ध केलेला अर्क दिला, आणि मुलाच्या रक्तातील साखर उतरली. तोवर हा रोग झालेल्या मुलाला उपासमारीच्या आहारावर काही महिने जगवून ठेवणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. १९२३ साली बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंगने आपल्या रकमेतील वाटा बेस्टला दिला, मॅक्लाउडने कॉलिपला. इन्सुलिनचे एकस्व तर विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देण्यात आले.

पारितोषिकाचे वाटे चौघांत झाले. कुत्र्यांचा वाटा कोणी काढला नाही. आमच्या आईच्या दंडात रोज जे औषध जाते, त्याची वाट अशा कितीतरी मुक्या जनावरांच्या अंगावरून आलेली आहे. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी सांगण्याजोगी वाचा त्यांच्यापाशी नव्हती. आता आणखी एक गोष्ट पाहा. इन्सुलिनचा रेणू ५१ घटकांची माळ आहे. कुत्र्याच्या आणि माणसाच्या माळेत त्यांपैकी एकाच मण्याचा फरक आहे, आणि कुत्र्याची व डुकराची माळ तर अगदी एकच. ‘कुत्र्याला माणसाचे औषध कशाला?’ असे आम्हांला पुष्कळांनी विचारले. त्यांना आम्ही सांगत असू की, ते माणसाचे औषध आहे हेच मुळी अर्धसत्य आहे. हे ऋण आहे, आणि फेडीची संधी आमच्या दारात चालत आली आहे.

आता शुश्रूषेकडे वळू. आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला तर उपयोगी पडावे म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. मात्र औषधाची मात्रा ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायची, आमच्या भाषणावरून नव्हे.

आरंभी मात्रा लहान असते. ठमीला चार युनिटांनी सुरुवात झाली आणि दोन महिन्यांत सात युनिटांवर ती स्थिरावली. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. क्रम असा, की आधी खाणे आणि मग सुई. जनावराने खाल्लेच नाही, किंवा खाऊन ओकून टाकले, तर पूर्ण मात्रा टोचायची नाही, डॉक्टरांना विचारायचे. कारण पोटात अन्न नसताना इन्सुलिन गेले तर साखर धोक्याइतकी उतरते. औषधाची बाटली शीतकपाटात ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते. आमचे औषध गढूळ प्रकारचे होते. ते जोराने हलवायचे नसते, दोन तळव्यांमध्ये हलकेच फिरवायचे असते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटांच्या असतात तशा १०० युनिटांच्याही असतात. चाळिसाच्या बाटलीला चाळिसाचीच सिरिंज हवी, ती लाल टोपणाची. शंभराची सिरिंज वापरली तर रेघ सातावर दिसेल आणि अंगात तीनही युनिटे जाणार नाहीत. हे गणित आम्ही शाळेत असतो तर मुलांना उदाहरण म्हणून घातले असते.

सुई टोचणे हे सर्वांत अवघड वाटते आणि ते सर्वांत सोपे निघते. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि त्या पोकळीत सुई घालायची. रोज त्याच जागी नाही, थोडी जागा बदलत. पहिल्या दिवशी आमचा हात इतका थरथरला की औषध केसांवरच सांडले. आठवडाभरात ठमी खाणे संपले की आपण होऊन पाठ करून उभी राहू लागली.

अवघड होते ते दुसरेच. आपल्याकडे नामदेवरायांची गोष्ट प्रत्येक घरी सांगतात. कुत्र्याने भाकरी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की देवा, कोरडी खाऊ नकोस. मायेची याहून सुंदर गोष्ट कोणत्या भाषेत असेल असे वाटत नाही. लहानपणापासून आम्ही माया म्हणजे हीच समजत आलो. वाटी घेऊन धावणे म्हणजे माया. आणि आता आमच्या घरी काय चालले होते? भाकरी तराजूत तोलायची. उकडलेले अंडे आणि दुधी मोजून घालायचा. पोळीचा तुकडा, सणाची पुरणपोळी, पाहुण्याच्या हातची बिस्किटे, सारे बंद. ती पाटाजवळ येऊन तोंडाकडे पाहत बसे आणि आम्ही मान फिरवून जेवत असू. अशा वेळी आपण निर्दय झालो आहोत असे मनात येई. आईला तर ते मुळीच सोसत नसे. श्रीखंडाची वाटी लपवून नेताना आम्ही तिला एकदा पकडले, आणि त्या वाटीत निम्मा वाटा तिचा स्वतःचा होता हेही तेव्हा उघड झाले!

पुष्कळ दिवसांनी आमच्या ध्यानात आले की नामदेवांच्या गोष्टीचा अर्थ आपण अर्धाच घेतला होता. नामदेव धावले ते त्या जिवाला काय हवे ते ओळखून धावले. त्या कुत्र्याला तूप हवे होते. आमच्या कुत्रीला तोललेली भाकरी हवी होती. तुपाच्या वाटीमागची माया एका क्षणाची असते, तिला उमाळा पुरतो. जन्माच्या दुखण्याला उमाळा पुरत नाही. तिथे माया घड्याळाकडे पाहते, तराजू धरते, ‘नाही’ म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा उभी राहते. आम्ही तिला नेमाची माया म्हणतो. वारकरी एकदाच धावत जाऊन पंढरी गाठत नाही, तो वर्षानुवर्षे वारी चुकवत नाही. हा आजार म्हणजे दिवसातून दोन वेळची वारी होती.

हा नेम आमच्याकडून चुकला नाही असे समजू नका. एका चुकीने ठमीचा जीव गेला असता. २०१९ च्या जानेवारीत एका सकाळी पत्नीने सात वाजता सुई दिली आणि ती देवळात गेली. आम्ही फिरून आलो, भांडे रिकामे पाहिले, आणि खाणे झाले, सुई राहिली, असे समजून दुसरी सुई दिली. अकराच्या सुमारास ठमी उठताना झोकांडी खाऊ लागली. डोळे भिरभिरत होते, पाय कापत होते, आणि मग ती कोसळून आचके देऊ लागली. पत्नी आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनाही एकदमच कळले. अशा वेळी काय करायचे ते डॉक्टरांनी आधी सांगून ठेवले होते म्हणून बरे. साखरेचा दाट पाक अथवा मध बोटाने हिरड्यांना चोळायचा. तोंडात ओतायचा नाही, तो श्वासनलिकेत जातो. आचके चालू असतील तर बोटे जपायची. शुद्ध आली की लगेच खायला घालायचे आणि तसेच दवाखाना गाठायचा. साखरेची सलाइन लावून संध्याकाळपर्यंत तिला तिथे ठेवले. आम्ही बाकावर बसून होतो. चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या आणि स्वतः साधी एक अधिक एक चुकलो, हा विचार मनातून जाईना.

त्या रात्री आम्ही शाळेतून आणलेली एक जुनी पाटी शीतकपाटाशेजारी टांगली. दोन रकाने. एकावर ‘आई’, दुसऱ्यावर ‘ठमी’. सुई देणाऱ्याने देताक्षणी खूण करायची. खूण दिसली नाही आणि खात्रीही नसली, तर सुई द्यायची नाही. एखादी मात्रा हुकली तर साखर थोडी चढेल, तिने सहसा जीव जात नाही. दुप्पट मात्रेने जातो. दोघींची औषधे एकाच कप्प्यात असत, म्हणून ठमीच्या बाटलीला तांबडा दोरा बांधला. पुढे पुन्हा चूक झाली नाही, ती आमच्या हुशारीमुळे नव्हे, पाटीमुळे.

इतके करूनही एक गोष्ट वाचवता आली नाही. त्या उन्हाळ्यात ठमीच्या डोळ्यांत निळसर-पांढरी छटा आली आणि पाच-सहा आठवड्यांत ती आंधळी झाली. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना पहिल्या वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो. जादा साखर डोळ्याच्या भिंगात शिरते, तेथे तिचे रूपांतर होते, ते पाणी ओढते आणि भिंग गढूळ होते. मोठ्या शहरांत कुत्र्यांवरही मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते. आम्ही ती केली नाही. खर्च हे एक कारण होते, आणि पुन्हा गुंगी देण्याची भीती हे दुसरे. आजही तो निर्णय बरोबर होता असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण एक नवल पाहिले. आम्ही तिच्यासाठी रडलो, ती मात्र रडत बसली नाही. घरातले सामान जागचे हलवायचे नाही, एवढा एक नियम आम्ही पाळला. बाकीचे घर तिने नाकाने आणि कानाने पंधरा दिवसांत पाठ केले. दार वाजले की पूर्वीच्याच धिटाईने ती पुढे होई.

मग त्याच ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. २०१९ चा तो पूर या सभागृहातील कोणी विसरले असेल असे नाही. पाणी दारात आले तेव्हा आम्ही विश्रामबागेकडे एका स्नेह्यांच्या घरी निघालो. एका हाताला आई, एका हाताला आंधळी कुत्री, आणि पत्नीच्या काखेत एक लहान मडके. वीज गेलेली होती, शीतकपाट निरुपयोगी झाले होते. त्या मडक्यात आईची आणि ठमीची, दोन्ही बाटल्या कोरड्या पिशवीत गुंडाळून ठेवल्या होत्या आणि भोवती ओले फडके लावले होते. ज्या खेड्यांत वीज नसते तिथे इन्सुलिन असेच ठेवतात. पाझरणाऱ्या मडक्यात बाहेरच्यापेक्षा चांगलाच गारवा राहतो. वाटेत एका गृहस्थांनी आम्हांला त्राग्याने म्हटले, “माणसं बुडायला लागलीत, आणि तुम्ही कुत्रं घेऊन कुठं निघालात?” आम्ही उत्तर दिले नाही. देण्याजोगे सुचलेही नाही. त्या वेळी त्यांचा प्रश्न गैर नव्हता.

पण तो प्रश्न पुढे आम्हांला वारंवार भेटला, म्हणून त्याचे उत्तर आज द्यायला हवे. माणसांना औषध मिळत नसताना कुत्र्यावर खर्च करावा काय? आम्ही प्रामाणिकपणे सांगतो की, ज्याच्या घरी मुलाच्या औषधाला पैसे नाहीत, त्याने आधी मुलाचे पाहावे. त्यात शंकेला जागा नाही. परंतु आम्हांला असेही दिसले की, हा प्रश्न विचारणारे बहुधा कुत्र्यावर वाचवलेला पैसा माणसाकडे पोचवत नाहीत. दया ही गंगाजळीतली ठराविक रक्कम नव्हे, की एकाला दिली तर दुसऱ्याला कमी पडेल. आमच्या घरी तर उलटे झाले. ठमीच्या सुईचा नेम लागला तेव्हापासून आईची सुईही वेळेवर होऊ लागली. तोवर तिच्या वेळा आमच्या सोयीने पुढे-मागे होत असत. शेजारचा नववीतला मुलगा ठमीला सुई द्यायला शिकला, आणि पुढे त्याच्या आजोबांना मधुमेह निघाला तेव्हा त्या घरात सुईची भीती कोणालाच वाटली नाही.

सल्लेही पुष्कळ मिळाले. कारल्याचा रस द्या, कडुनिंब द्या, सुई बंद करून पाहा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असे. पण ज्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही त्याला कारले काय करणार? एक धोका मात्र येथे मुद्दाम सांगतो. मधुमेह्यांच्या घरी साखरेऐवजी गोडी आणणारे पदार्थ असतात. त्यांतील झायलिटॉल हा पदार्थ कुत्र्यांना विषारी आहे. तो काही च्युइंग गम व मिठायांत असतो. माणसाला तो चालतो, कुत्र्याला थोडक्यानेही मारू शकतो. ‘बिनसाखरेचे आहे, द्यायला हरकत नाही,’ असे कृपा करून कोणी समजू नये.

आता शेवटाकडे येतो. २०२३ च्या फेब्रुवारीत ठमीच्या स्वादुपिंडाला सूज आली. उलट्या सुरू झाल्या, खाणे सुटले, रक्तात ते घातक आम्ल साचले. चार दिवस सलाइन चालली. पाचव्या दिवशी मूत्रपिंडे साथ सोडत असल्याचे दिसले. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, आता आपण तिच्यासाठी काही करत नाही आहोत, आपल्यासाठी करतो आहोत.” चार वर्षांपूर्वी त्यांनी सांगितलेली दुसरी वाट पुन्हा पुढे आली होती. त्या वेळी नाकारली होती, आता स्वीकारली. ती आईच्या मांडीवर डोके ठेवून होती. पावणेसहा वर्षांची होती.

याविषयी आम्हांला दोन शब्द सांगायचे आहेत. जे कोणी पहिल्याच दिवशी दुसरी वाट धरतात, परिस्थितीने, पैशाने वा घरात माणूसबळ नसल्याने, त्यांना पापी म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि कोणालाच नसावा. अर्धवट शुश्रूषेने महिनोन्महिने तडफडवण्यापेक्षा ते बरे. पण निर्णय करण्यापूर्वी एवढे मात्र पाहावे की, आपण जनावराचे दुःख संपवतो आहोत की आपली गैरसोय. आणि शुश्रूषा चालवतानाही हाच प्रश्न उलट बाजूने विचारत राहावा, की आपण तिला जगवतो आहोत की स्वतःला सोडवत नाही म्हणून तिला धरून ठेवतो आहोत. या दोन प्रश्नांची उत्तरे खरी देता आली, तर कोणतीही वाट धरली तरी मनाला टोचणी राहणार नाही असे म्हणत नाही. राहते. पण ती सोसता येते.

पुष्कळ जण आम्हांला म्हणाले, “सव्वाचार वर्षांत तीन हजारांवर सुया, लग्नकार्याला दोघे मिळून कधी गेला नाहीत, प्रवास नाही, काय मिळवलेत?” गणिताच्या मास्तराला हिशेब विचारला तर तो द्यायलाच हवा. बरे होणे हे या हिशेबात पहिल्या दिवसापासून नव्हते. पण त्या सव्वाचार वर्षांत फार थोडे दिवस आजाराचे होते, बाकीचे निव्वळ कुत्र्याचे दिवस होते. उन्हात पसरणे, दूधवाल्यावर भुंकणे, आईच्या पायाशी झोपणे. असाध्य रोग म्हणजे उरलेले सारे आयुष्य रोगाचे, असे आपण धरून चालतो. तसे नाही. बारा तासांतली दहा मिनिटे नेमाने दिली, तर उरलेला वेळ त्या जिवाचा असतो. ही दहा मिनिटे जपणे एवढेच आपले काम. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कोणी ना कोणी असे दीर्घ दुखण्याचे माणूस असेल. हे त्यांनाही लागू आहे, असे आम्हांला वाटते.

पाटी अजून भिंतीवर आहे. आता तिच्यावर एकच रकाना भरतो. आई आज सभेला येणार होती, पण तिची सुईची वेळ सातची, म्हणून ती घरी राहिली. निघताना आम्ही म्हटले, “आज एक दिवस थोडं उशिरा घेतलं तर?” तर म्हणाली, “ठमीला कधी उशीर केलास?”

यावर आम्हांला उत्तर नव्हते. पत्नी तिच्यापाशी आहे, आणि आता सात वाजत आले आहेत.